वाट पाहण्याचे पैसे

नांदेड-लातूरच्या तरुणांना आज स्टार्टअपच्या जगाची भाषा येते. सीड राउंड, व्हॅल्युएशन, पिच डेक हे शब्द विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेच्या वसतिगृहात सहज कानावर पडतात, तसेच लातूरच्या अभ्यासिकेतही. २०२१च्या डिसेंबरात ‘शार्क टँक इंडिया’ सुरू झालं, आणि एरवी शेअर बाजाराचं नाव काढलं तरी दचकणाऱ्या घरांत जेवताना ‘किती टक्के हिस्सा दिला?’ यावर चर्चा होऊ लागली. संस्थापकांच्या आणि गुंतवणूकदारांच्या मुलाखती तासन् तास ऐकणारा मोठा वर्ग तयार झाला. अशी संभाषणं आता मराठीत वाचायला बसणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. या संभाषणांत कल्पना कशी सुचली, पहिला ग्राहक कसा मिळाला, पहिला चेक कितीचा होता, हे सगळं विचारलं जातं. वस्तू तयार झाल्यापासून धंदा स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत जी वर्षं गेली, त्या वर्षांचा खर्च कुणी उचलला, हे मात्र क्वचित विचारलं जातं. घरभाडं कुणी भरलं? पहिल्या दोन नोकरांचे पगार कुठून निघाले? बंगळूरच्या वाचकाला याचं उत्तर मिळालं नाही तरी फारसं अडत नाही. तिथे ती वर्षं थोडी असतात आणि ती निभावून नेणारी माणसं आसपास असतात. मराठवाड्यात सगळं घोडं तिथेच अडतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, नांदेडमध्ये शिकलेल्या तिघांनी सोयाबीनचा ओलावा आणि प्रत मोजणारं एक स्वस्त यंत्र बनवलं. गरज खरी आहे. लातूरची बाजार समिती सोयाबीन आणि तुरीसाठी देशभर ओळखली जाते. अमेरिकेतली एडीएम ही बलाढ्य धान्यकंपनी तेलबियांसाठी इथवर आली आणि तिच्या इथल्या कंपनीच्या नावातच लातूर आलं. बाजार समितीच्या ‘पोटली’ सौद्यात काय भाव निघाला, याकडे आजूबाजूच्या तालुक्यांचं लक्ष असतं. हा भाव हातात किती पडणार, ते मालातल्या ओलाव्यावर ठरतं. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, बाजार त्याच्या बराच खाली होता, आणि पावसात भिजलेला माल १२ टक्क्यांत बसत नव्हता. शेवटी केंद्र सरकारला त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्क्यांवर न्यावी लागली. ओलावा मोजणं आणि तो कमी करणं हा इथल्या घराघराच्या वर्षभराच्या कमाईचा प्रश्न आहे, तो असा.

आता हे यंत्र तपासायचं कधी? नव्या सोयाबीनची आवक दसऱ्याच्या सुमारास वाढते, दिवाळीपर्यंत यार्डात पाय ठेवायला जागा नसते, आणि मग ती ओसरत जाते. नंतर येतो तो घरात ठेवून वाळलेला माल. ओला माल मुख्यतः त्या पाच-सहा आठवड्यांतला. यंत्राने दाखवलेल्या आकड्यावर आडत्या, खरेदीदार आणि शेतकरी या तिघांचाही विश्वास बसतो का, धुळीत आणि हमालांच्या घाईत ते टिकतं का, वाण बदललं की आकडा चुकतो का, हे तेव्हाच कळणार. चूक सापडली आणि दुरुस्तही झाली, तरी पुढची खरी परीक्षा पुढच्या दसऱ्याला. मोबाइलवरचं ॲप बनवणारा सोमवारी बदल करतो आणि शनिवारपर्यंत लोकांनी काय केलं ते त्याला दिसतं. त्याला वर्षातून पन्नास वेळा शिकता येतं. या तिघांना एकदा.

हे फक्त यंत्राचं नाही. बियाण्याचं, खताचं, पीकविम्याच्या हिशेबाचं, हळद शिजवण्याच्या भट्टीचं, अर्धापूरच्या केळीसाठी लागणाऱ्या शीतगृहाचं, सगळ्यांचं असंच आहे. इथल्या बहुतेक खऱ्या प्रश्नांना हंगाम आहे, आणि हंगामाला घाई करता येत नाही.

दुसऱ्या बाजूला गुंतवणूकदार काय करतो ते पाहू. व्हेंचर फंड चालवणाऱ्याच्या हातातला बराचसा पैसा दुसऱ्यांचा असतो: बँकांचा, विमा कंपन्यांचा, श्रीमंत कुटुंबांचा, सिडबीसारख्या सरकारी संस्थांचा. हा पैसा ठरावीक मुदतीसाठी घेतलेला असतो, साधारण आठ ते दहा वर्षांसाठी. सेबीच्या २०१२च्या नियमांप्रमाणे, पैसे देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मूल्याच्या लोकांनी संमती दिली तर ही मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवता येते. पहिली तीन-चार वर्षं कंपन्या शोधण्यात आणि पैसे घालण्यात जातात. शेवटची काही वर्षं हिस्सा विकून पैसे परत करण्याची. म्हणजे एका कंपनीच्या वाट्याला प्रत्यक्षात पाच-सात वर्षं येतात. आपल्या भाषेत पाच-सात खरीप.

ते खरीप कसे असतात, हे इथल्या कुणाला सांगायची गरज नाही, पण गुंतवणूकदाराला सांगायची आहे. २०१२, २०१४, २०१५ आणि २०१८ ही मराठवाड्यात दुष्काळाची वर्षं होती. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला प्यायचं पाणी आणावं लागलं. २०१२च्या उन्हाळ्यात कुणी इथे शेतीशी जोडलेली कंपनी काढून पैसे घेतले असते, तर २०१८पर्यंतच्या सात खरिपांपैकी चार तिला असे मिळाले असते. तिचं यंत्र उत्तम असूनही त्या चार वर्षांत मोजायला मालच कमी. त्यानंतरच्या काही वर्षांत उलटं झालं, काढणीच्या तोंडावर पाऊस येऊ लागला. २०२५च्या सप्टेंबरात तर पुराने पीक आणि माती दोन्ही नेली. कंपनीच्या कागदावर अशी वर्षं ‘वाढ नाही’ एवढीच दिसतात.

गुंतवणूकदाराला लोभी म्हणून मोकळं व्हायला मी तयार नाही. त्याचं गणित वेगळं आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. तो दहा ठिकाणी पैसे घालतो तेव्हा त्यातल्या बहुतेक कंपन्या बुडतील किंवा कसंबसं मुद्दल देतील, हे धरूनच चालतो. एखाद-दुसऱ्या कंपनीने मात्र सगळ्यांचं नुकसान भरून काढून वर नफा द्यायला हवा. म्हणून समोर बसलेल्या प्रत्येकाला तो एकच विचारतो: हे किती मोठं होऊ शकेल? लातूरच्या एमआयडीसीत चाळीस जणांना काम देणारा, दरवर्षी नेमाने नफ्यात राहणारा कारखाना या गणितात बसत नाही. समाजाच्या दृष्टीने तो उत्तम धंदा आहे. त्याला बँकेचं कर्ज हवं, चांगला भागीदार हवा, व्हेंचर फंड नको. मुलाखती ऐकून ऐकून आपल्या मुलांचा समज झालाय की फंडिंग मिळालं म्हणजे पास आणि नाही मिळालं म्हणजे नापास. हा समज पुसला गेला तरी या संभाषणांचं सार्थक झालं.

दहा वर्षांची मुदतही काही ब्रह्मलिखित नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, हार्वर्डचे प्राध्यापक जॉर्ज डोरियो यांच्या पुढाकाराने अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट नावाची गुंतवणूक कंपनी निघाली. १९५७ साली तिने डिजिटल इक्विपमेंट या नव्या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर घातले. ती कंपनी शेअर बाजारात आली १९६६ साली. डोरियोंची कंपनी स्वतःच शेअर बाजारात नोंदलेली होती, त्यामुळे अमुक वर्षी पैसे परत करायचे असं बंधन तिच्यावर नव्हतं. मुदतीच्या भागीदारीची पद्धत नंतर रूढ झाली, आणि संगणकाच्या धंद्याला ती मानवली. सोयाबीन आणि कापूस तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हते.

आपल्याकडची जी माणसं यातून पार पडली, त्यांच्याकडे आता पाहू. प्रत्येकाला एकच प्रश्न लावायचा: थांबण्याचा खर्च कुणी उचलला?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवले. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिले नांगर दोन वर्षं पडून राहिले, असं सांगितलं जातं. दोन वर्षं म्हणजे दोन पेरण्या. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन आणि कर्जाऊ रक्कम दिली, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. इथे थांबण्याची किंमत एका संस्थानिकाने चुकवली. त्याला आपल्या मुलखात कारखाना हवा होता.

कैलास काटकर सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. धाकट्या भावाला, संजयला, संगणक शिकायला लावलं. दुकानात येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, आणि संजय यांनी १९९५च्या सुमारास डॉसवर चालणारा अँटिव्हायरस लिहिला. तेच पुढे क्विक हील झालं. सिकोया या मोठ्या फंडाने त्यात ६० कोटी रुपये घातले ते २०१० साली, आणि शेअर बाजारात कंपनी आली २०१६ साली. पहिला प्रोग्रॅम आणि पहिला मोठा बाहेरचा पैसा यांच्यामध्ये पंधरा वर्षं आहेत. त्यातली पहिली, सगळ्यात अवघड वर्षं दुरुस्तीच्या दुकानाने ओढून नेली. मुलाखतीत ६० कोटींचा आकडा ठळक छापला जातो. माझ्या मते त्या गोष्टीतला मुख्य गुंतवणूकदार ते दुकान आहे. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत असं चालतं दुकान असलेल्या शेकडो घरांनी या गोष्टीकडे नीट पाहावं. ज्याच्या काउंटरवर रोज तीच तक्रार येते, त्याच्या हाती प्रश्न आहे, ग्राहक आहे आणि थांबण्याची थोडी ताकदही आहे.

विलास शिंदे यांची गोष्ट नाशिकची. कृषी अभियांत्रिकी शिकून शेतीत उतरले, कर्जात गेले, द्राक्ष निर्यातीत पडले. २०१०-११च्या सुमारास सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली. २०२२च्या सप्टेंबरात इन्कोफिन, कोरीस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपातल्या संस्थांनी ३१० कोटी रुपये गुंतवले. मथळा एवढाच होता. मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग बातमीच्या आतल्या मजकुरात होता. २००२ साली कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद आली, तिच्यानुसार अशा कंपनीचे भाग फक्त उत्पादकच, म्हणजे शेतकरीच, घेऊ शकतात. बाहेरच्या गुंतवणूकदाराला तिथे दार बंद. कायद्याचा हेतू चांगला आहे, शेतकऱ्याची कंपनी शेतकऱ्याच्याच हातात राहावी. सह्याद्रीने मूळ कंपनी तशीच ठेवली आणि प्रक्रियेच्या कामासाठी पोस्ट हार्वेस्ट केअर नावाची उपकंपनी काढून तिच्यात ही गुंतवणूक घेतली. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत कितीतरी शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या पाट्या लागल्या. त्यातल्या पुष्कळ कंपन्या शासनाच्या अनुदानापलीकडे जात नाहीत, आणि अनुदानातून शेड उभं राहतं, खेळतं भांडवल मिळत नाही. सह्याद्रीने हे दार कसं उघडलं, हे इथल्या प्रत्येक संचालक मंडळाने समजून घ्यायला हवं. तिथवर पोचायला सह्याद्रीलाही अकरा-बारा हंगाम लागले, हेसुद्धा.

मराठवाड्यातून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकायला गेलेले वैभव तिडके, तसेच निधी पंत आणि इतर सहकारी, यांची एस फोर एस टेक्नॉलॉजीज माझ्या उदाहरणाच्या सगळ्यात जवळ येते. त्यांनी विजेशिवाय चालणारं सौर वाळवणयंत्र बनवलं. नुसतं यंत्र देऊन भागेना, कारण शेतकऱ्याचा प्रश्न साधा होता: वाळवलेला माल घेणार कोण? मग त्यांनी गावातल्या बायकांना यंत्र आणि कर्ज मिळवून दिलं, त्यांच्याकडून वाळवलेला कांदा, आलं, भाजी विकत घ्यायला सुरुवात केली आणि तो माल खाद्यकंपन्यांना विकला. २०१३ साली विद्यार्थ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांना बक्षीस मिळालं, २०२३ साली अर्थशॉट पारितोषिक. सुरुवातीच्या वर्षांत बक्षिसांची आणि अनुदानाची रक्कम हे त्यांचं धीराचं भांडवल होतं. असा पैसा परत मागायला कुणी येत नाही, त्यामुळे धंद्याची पद्धत बदलायला त्यांना मोकळीक राहिली. दोन वर्षांनी हिशेब मागणाऱ्याचा पैसा असता तर ही मोकळीक मिळाली असती का, याची मला शंका आहे.

आता नांदेडची स्वतःची गोष्ट. ती मी मुद्दाम मागे ठेवली, कारण ती स्टार्टअपच्या कुठल्याच मुलाखतीत येत नाही. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने, म्हणजे तेव्हाच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने, १९८०च्या दशकात ‘नांदेड ४४’ हा संकरित कापूस दिला. कोरडवाहू जमिनीत तग धरणारा, रसशोषक किडींना सहज बळी न पडणारा, ताण बसल्यावर पाऊस आला की पुन्हा फुटणारा. मराठवाड्यात आणि विदर्भात तो वर्षानुवर्षं पेरला गेला. असा एक संकर तयार करायला पैदासकाराला कितीतरी हंगाम लागतात, ते सगळे सरकारी पगारावर निघाले. त्या पगाराला मी इथल्या सर्वांत यशस्वी गुंतवणुकीत धरतो.

त्याच सुमारास मराठवाड्यात कापसाच्या बियाण्याची दुसरी गोष्ट घडत होती, जालन्याला. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको काढली. १९९८ साली मोन्सँटोने तिच्यात २६ टक्के हिस्सा घेतला, म्हणजे स्थापनेनंतर चौतीस वर्षांनी. त्याच वर्षी बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि काही वर्षांत शेतकऱ्यांनी जवळजवळ सगळी कापूसजमीन बीटीखाली आणली. नांदेड ४४मध्ये बीटी जनुक नव्हतं. विद्यापीठाकडे वाण होतं, शेतकऱ्याचा विश्वास होता, पण ते जनुक मिळवण्याचे करार करायला आणि वेगाने बाजारात उतरायला लागणारा पैसा आणि मुभा नव्हती. नांदेड ४४चं बीटी रूप महाबीजच्या साथीने आलं, पण पंधराएक वर्षं उलटल्यावर, आणि तोवर दुकानांच्या फळ्या खाजगी बियाण्यांच्या पाकिटांनी भरल्या होत्या.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला एक निष्कर्ष काढावासा वाटतो. पहिली दहा-पंधरा वर्षं सार्वजनिक पैशाने निघू शकतात, पण त्यानंतरच्या दोन वर्षांत खाजगी पैसा लागतो. नांदेडला पहिला होता, दुसरा नव्हता. आज आपल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत नवोपक्रम केंद्रांचे फलक लागलेत, स्पर्धा होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. नांदेड ४४च्या वेळी जी साखळी तुटली होती, ती जोडण्याचं काम या केंद्रांनी घ्यायला हवं: संशोधकाच्या कपाटातून वस्तू बाहेर काढून करारापर्यंत आणि गोदामापर्यंत नेण्याचं.

सरकारी योजना आहेत, त्यांची नोंद थोडक्यात करतो. १६ जानेवारी २०१६ला स्टार्टअप इंडिया सुरू झालं. २०१८ साली राज्याचं स्टार्टअप धोरण आलं. २०२१च्या सीड फंड योजनेत कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि पुढच्या टप्प्यासाठी ५० लाखांपर्यंत रक्कम देण्याची तरतूद झाली, पण ती मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फत. छत्रपती संभाजीनगरला तिथल्या उद्योजक संघटनेने काढलेलं मॅजिक हे इन्क्युबेटर आहे, तिथेच १९८८पासून महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालय आहे. ही चांगली ठिकाणं आहेत. लातूर-नांदेडहून ती अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहेत, आणि ज्याचं यंत्र वर्षातून सहा आठवडेच तपासता येतं त्याला त्याच सहा आठवड्यांत मार्गदर्शक यार्डात उभा हवा असतो.

स्थानिक पैसा नाही असंही नाही. मोंढ्यातला आडत्या पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्याला उचल देत आला. माणूस ओळखणं, त्याची जमीन, त्याची सोयरीक, त्याचा शब्द जोखणं, हे कौशल्य त्याच्याकडे कुठल्याही फंड मॅनेजरपेक्षा कमी नाही. पण उचल हंगामापुरती असते, रास झाली की पट्टीतून वळती होते, आणि माल त्याच्याच दुकानावर घालायचं बंधन तिच्यात गृहीत असतं. एका हंगामापलीकडे थांबायची तिची रीत नाही. पतसंस्था आणि भिशी यांचे हप्तेही हंगामासाठी थांबत नाहीत.

एका बाबतीत मात्र हा मुलूख थांबण्याची किंमत न कुरकुरता चुकवतो, आणि माझी सगळी आशा त्यावर आहे. लातूरमध्ये राजर्षी शाहू महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यासारख्या शिक्षकांनी जादा तास, सराव परीक्षा आणि विद्यार्थ्यांमागे नेटाने लागण्याची जी पद्धत रुजवली, तिला पुढे लातूर पॅटर्न म्हणू लागले. वाघमारे सर १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पुढे या दोन्ही शहरांत डॉक्टर-इंजिनिअर घडवण्याभोवती खोल्या, मेस, अभ्यासिका, शिकवण्या असं एक अख्खं अर्थकारण उभं राहिलं. त्यात पैसा कुणाचा? गावाकडच्या आईबापांचा. मुलाला नीटमध्ये पहिल्या वर्षी गुण कमी पडले की बाप म्हणतो, अजून एक वर्ष कर. रिपीटर बॅचची फी भरली जाते, खोलीचं भाडं भरलं जातं, कधी त्यासाठी जमीन गहाण पडते. दुसऱ्या वर्षीही नाही झालं तर पुष्कळ घरं तिसरंही वर्ष देतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. अपयशानंतर पुन्हा वर्षभर थांबण्यासाठी पैसा आणि धीर दोन्ही देणारी अशी घरं मी इतरत्र फारशी पाहिलेली नाहीत.

तोच मुलगा इंजिनिअर होऊन परत आला आणि यंत्र बनवायला बसला, आणि पहिल्या दसऱ्याला यंत्र चाललं नाही, तर त्याला दुसरं वर्ष मिळत नाही. पुण्याला जा, हैदराबादला जा, नोकरी धर. घरच्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. वैद्यकीयची जागा म्हणजे काय मिळणार, हे त्यांना माहीत असतं, शेजारच्या घरात ते त्यांनी पाहिलेलं असतं. यंत्र बनवणाऱ्याचं पुढे काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. इथेच या संभाषणांचा खरा उपयोग आहे. ती मुलाने ऐकून भागणार नाही, आईबापांनी ऐकायला हवीत, आणि त्यांना कळेल अशा भाषेत, अशा हिशेबात ती व्हायला हवीत: कोणत्या साली सुरू केलं, घर कशावर चाललं, कर्ज किती होतं, किती हंगाम गेले, आणि बंद पडलं असतं तर हातात काय उरलं असतं.

बंद पडलेल्यांशीही बोललं पाहिजे. आपल्याकडे दुकान बंद झालं की माणूस चारचौघांत येणं टाळतो, लग्नकार्यातसुद्धा लोक त्याला टाळतात. त्यामुळे त्याने पाच वर्षांत जे शिकून घेतलं ते त्याच्याबरोबर घरात कोंडून राहतं. कुठल्या तालुक्यात कुठल्या वाणाचा माल कसा येतो, कोणता अधिकारी फाइल कुठे अडवतो, बँकेला कोणता कागद पटतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. महाविद्यालयांनी वर्षातून एक दिवस अशांना सन्मानाने बोलवावं, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

गुंतवणूकदारांशी होणारी संभाषणं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते ‘आम्ही संस्थापकाकडे बघून पैसे घालतो’ म्हणतात तेव्हा खरंच बोलत असतात, पण त्यांच्या फंडाची मुदत आणि उरलेली वर्षं विचारल्याशिवाय ते वाक्य अपुरं आहे. सातव्या वर्षात असलेला फंड आणि पहिल्या वर्षात असलेला फंड यांचा धीर सारखा असूच शकत नाही. विचारायला संकोचू नका. जो तुमच्या हिशेबाच्या वह्या तपासणार आहे, त्याचं कॅलेंडर तपासण्याचा हक्क तुम्हालाही आहे. २००१ साली विनीत राय यांनी सुरू केलेल्या आविष्कारसारख्या फंडांनी ग्रामीण उद्योगांत पैसे घालण्याचं काम या देशात करून दाखवलंय. असा पैसा सापडतो, फक्त तो शोधताना रकमेआधी मुदत बघायची.

आणि आईबापांना, आडत्यांना, प्राध्यापकांना, नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या इथल्या लेकरांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या ओळखीत कुणी असं काही बनवत असेल तर या दसऱ्याला यार्डात जाऊन त्याचं यंत्र चालताना बघा. नाही चाललं तर त्याच्या पुढच्या दसऱ्यापर्यंतच्या खर्चात जमेल तेवढा वाटा उचला, आणि तेव्हा पुन्हा बघायला जा.